उरलेल्या मूर्ती

बर्फ वितळला तर भौतिक बदल, कागद जळला तर रासायनिक. एवढं फळ्यावर लिहून मी गेली सव्वीस वर्षं पगार घेतो आहे. सातवीच्या विज्ञानात हा धडा दर वर्षी येतो आणि दर वर्षी मी तो एका तासात उरकतो. मेण वितळणं भौतिक, मेणबत्ती जळणं रासायनिक. मीठ पाण्यात विरघळणं भौतिक, कारण पाणी आटवलं की मीठ परत हातात येतं. खिळा गंजणं रासायनिक, दुधाचं दही होणं रासायनिक. मुलं वहीत दोन रकाने आखतात, उदाहरणं वाटून टाकतात, चाचणीत पाचपैकी पाच गुण मिळवतात आणि विसरून जातात. त्यांचं बरं आहे.

एक उदाहरण मात्र मी वर्गात कधीच घेत नाही. शाडूची माती आणि प्लॅस्टर. बाकीचे शिक्षक आवडीनं घेतात. हल्ली गणपतीच्या आधी ते करून दाखवायची पद्धतच पडली आहे. एका बादलीत शाडूची छोटी मूर्ती, दुसरीत प्लॅस्टरची, आणि मुलांनी दोन दिवस जाता-येता डोकावायचं. शाडूची विरघळते, प्लॅस्टरची तशीच बसून राहते, मुलं टाळ्या वाजवतात, कोणीतरी फोटो काढतं. मागे एकदा आमच्या शाळेतल्या एका बाई मला म्हणाल्या, "सर, हा तास तुम्हीच घ्या ना, तुमच्या तर घरातलाच विषय." मी म्हटलं, "म्हणूनच तुम्ही घ्या." त्यांना राग आला असावा. मी समजूत घालायला गेलो नाही.

माझे वडील गणपती करायचे. मूळ गाव ओवे, घर शेतीचं, पण लग्नाआधी सहा-सात वर्षं पेणला राहून त्यांनी मूर्तिकाम शिकून घेतलं आणि मग जुन्या पनवेलमध्ये, वडाळे तळ्यापासून हाकेच्या अंतरावर, स्वतःचा कारखाना टाकला. या धंद्यात कारखाना म्हणतात म्हणून म्हणायचं. प्रत्यक्षात ती एक लांबट कौलारू पडवी होती, मागे अंगण आणि अंगणात सिमेंटचा हौद. शाडूची पोती गुजरातेतून यायची. आई होती तोवर माती चाळणं, भिजवणं, मळणं तिच्याकडे, आणि मूर्ती घडवणं, रंगवणं, डोळ्यांची आखणी बाबांकडे. डोळे त्यांनी कधी दुसऱ्या कुणाला आखू दिले नाहीत. मला तर नाहीच. माझा हात जड आहे हे मी आठवीत असतानाच त्यांनी जाहीर करून टाकलं होतं, आणि ते खरं होतं.

मूर्ती उरायच्या. कुठल्याही कारखान्यात उरतात. चतुर्थीच्या दुपारी फळ्या रिकाम्या झाल्या तरी पाच-दहा गणपती मागे राहायचेच. एखाद्याचं गिऱ्हाईक आधी सांगून ठेवून आलेलंच नसायचं, एखाद्याच्या पितांबराचा रंग कुणाला रुचलेला नसायचा. त्यांचं काय करायचं याची बाबांची पद्धत ठरलेली होती. अनंत चतुर्दशी होईपर्यंत मूर्ती फळीवरच. पितृपक्षात नवीन काम कोणी काढत नाही, तेव्हा जुनं भिजवायला तो पंधरवडा बरा, असं ते म्हणत. एकेक मूर्ती मांडीवर घ्यायची आणि ओल्या फडक्यानं आधी डोळे पुसायचे. रंग पाण्यातले असायचे, दोन हातांत निघून जायचे. मग मूर्ती अलगद हौदात सोडायची. पहिल्या दिवशी नुसते बुडबुडे. दुसऱ्या दिवशी सोंड आणि हात जायचे. चौथ्या दिवशी हौदात फक्त माती असायची. पुढच्या साली तिच्यातच नवी पोती मिसळायची. हौद पूर्ण रिकामा असा त्यांनी कधीच केला नाही. तळाच्या मातीत किती गणपती होऊन गेले होते ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

लहानपणी मी विचारलं होतं, "बाबा, पाप नाही का लागत?"

"कसलं पाप? अक्षता पडल्या का त्याच्यावर? नाय ना? मग माती हाय ती. अक्षता पडेस्तोवर माती, पडल्या की देव."

हे उत्तर मला तेव्हा फार आवडलं होतं. इतकं स्वच्छ उत्तर मला पुढे कॉलेजातही कुणी दिलं नाही. विज्ञानाची गोडी मला बाबांच्या त्या वाक्यामुळे लागली असं मी कितीतरी जणांना कौतुकानं सांगितलं आहे. त्याच वाक्याचं मी पुढे काय केलं ते मात्र कुणाला सांगितलं नाही.

मी बीएस्सी झालो, बीएड झालो, नवीन पनवेलच्या एका शाळेत लागलो. तेव्हापासून बाबा मला मास्तर म्हणायला लागले. त्यात कौतुक होतं आणि चिमटाही होता. रंग वाळत नसला, मातीला भेग गेली, की गिऱ्हाइकासमोरच म्हणायचे, "थांबा, आमच्या मास्तरांना विचारतो, त्यांना समदं ठाऊक हाय." मी लगेच सांगायला बसायचो. हवेतली आर्द्रता, बाष्पीभवनाचा वेग. बाबा मान डोलवायचे आणि भेगेत ओल्या मातीचं बोट फिरवून मोकळे व्हायचे.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. बाबांची कंबर धरली होती. शाडूची मूर्ती जड, सुकायला पंधरा-पंधरा दिवस, ऐन पावसाळ्यात तर सुकता सुकत नाही. सोसायट्यांतून येणाऱ्या लोकांना मूर्ती मोठी पाहिजे, चकचकीत पाहिजे आणि दुसऱ्या मजल्यावर एका हातानं नेता आली पाहिजे. आजूबाजूचे बहुतेक कारखाने प्लॅस्टरवर गेलेले. मी बाबांच्या मागे लागलो. त्यांच्या कमरेसाठी म्हणून लागलो असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत होतो. खरं सांगायचं तर त्यांच्या कमरेपेक्षा मला माझ्या शहाणपणाची काळजी जास्त होती. घरात एक शिकलेला माणूस आहे हे घराला कधीतरी दिसायला नको का?

माझी बायको तेव्हाच म्हणाली होती, "तुमचं विज्ञान शाळेत ठेवा. त्यांचं चाललंय ते चालू द्या." मी म्हटलं, "तुला त्यातलं काय कळतं?" हे वाक्य माझ्या तोंडून आयुष्यात जितक्या वेळा गेलं आहे तितक्या वेळा मी चुकीचा ठरलो आहे.

बाबा शेवटी हो म्हणाले. मनापासून नव्हे, मुलापुढे किती वाद घालायचा म्हणून. पळस्प्याकडच्या एका गोदामातून प्लॅस्टरची पोती आली, रबरी साचे आले, मूर्तीच्या आतून लावायला काथ्याच्या पेंड्या आल्या. प्लॅस्टरला ओल चालत नाही, म्हणून अंगणातला हौद रिकामा करून त्यावर फळ्या टाकायच्या आणि पडवीतलं बाकीचं सामान तिथे हलवायचं असं मी ठरवलं. बाबा एका लग्नासाठी ओव्याला गेले होते. त्या दोन दिवसांत मी हौदातली माती काढवली. पलीकडच्या गल्लीत एक जण घराचा पाया भरत होता, त्यानं टेम्पो आणून नेली. फुकट गेली म्हणून मी खूशही झालो.

बाबा आले, अंगणात गेले आणि रिकाम्या हौदाकडे बघत उभे राहिले.

"माती कुठं गेली?"

"दिली बाबा. आता लागणार नाही आपल्याला."

"विचारायचं तरी," एवढंच म्हणाले आणि पाय धुवायला गेले.

प्लॅस्टरचं पहिलं काम मला आठवतं. साच्यात पाणी घातलेलं प्लॅस्टर ओतलं, आणि थोड्या वेळानं बाबांनी सवयीनं साच्यावर तळवा ठेवला. चपापून हात मागे घेतला. "गरम झालं रे हे!" मी आनंदानं समजावलं. पाणी आणि ती भुकटी मिळून नवीनच पदार्थ तयार होतो, उष्णता बाहेर पडते, हा रासायनिक बदल. बाबा परत हात ठेवून बघत राहिले. "माती कधी गरम नाय झाली," असं स्वतःशीच म्हणाले. मी हसलो.

पहिलं साल उत्तम गेलं. काम पटापट, मूर्ती हलक्या, गिऱ्हाईक खूश. माझी मान ताठ झाली. दुसऱ्या साली मी बाबांना मूर्ती वाढवायला लावल्या, जवळजवळ दुप्पट. तेच आजूबाजूच्या प्रत्येकानं केलं होतं. चतुर्थीच्या संध्याकाळी फळ्यांवर एक्केचाळीस गणपती उरले. ऑइल पेंटचे, झगझगीत, डोळे आखलेले. माझ्या आयुष्यात इतक्या मूर्ती एकत्र उरलेल्या मी बघितल्या नव्हत्या. त्या सगळ्या दरवाज्याकडे बघत होत्या, कारण बाबा मूर्ती नेहमी दरवाज्याकडे तोंड करून मांडायचे.

इतर लोक काय करतात ते सगळ्यांना माहीत आहे. उरलेल्या मूर्ती प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर टाकतात, पुढच्या साली धूळ झटकून, वरून रंगाचा एक हात मारून विकतात. बाबांना ते मान्य नव्हतं. "गेल्या सालचा गणपती यंदाचा म्हणून द्यायचा? लोक विश्वासानं घरी नेतात. ते आमाला नाय जमणार." वर्षाचा गणपती त्याच वर्षी घडवायचा, हा त्यांचा नेम होता आणि तो त्यांनी आयुष्यभर पाळला होता. शाडू होती तोवर तो पाळणं सोपं होतं. आता ते त्या एक्केचाळीस मूर्तींपुढे बसून राहायचे. पितृपक्ष आला आणि गेला, नवरात्र गेलं, मूर्ती तिथेच. भिजवता येत नव्हत्या, विकायच्या नव्हत्या, फेकायच्या नव्हत्या.

इथे माझ्यातला मास्तर पुढे झाला. वर्गात आम्ही सांगतो की रासायनिक बदल सहसा उलटवता येत नाही. त्यातला 'सहसा' हा शब्द मुलांसाठी असतो, जाणकाराला अपवाद माहीत असतात, आणि मी जाणकार होतो. घट्ट झालेलं प्लॅस्टर फोडून, कुटून, बेतानं भाजलं तर त्यातलं पाणी निघून जातं आणि पुन्हा पहिल्यासारखी भुकटी मिळते. पुस्तकात आहे हे. भुकटी मिळाली की तिच्यातून पुढच्या सालचे गणपती. म्हणजे बाबांचा नेमही राहतो आणि काही वायाही जात नाही. मला वाटलं, मी हौदच परत आणून देतो आहे त्यांना.

"फोडायच्या?" बाबांनी विचारलं.

"फोडल्याशिवाय भाजणार कशा?"

त्यांनी फळ्यांकडे बघितलं. मग मी म्हटलं, "बाबा, तुम्हीच सांगता ना, अक्षता पडेस्तोवर माती? यांच्यावर कुठे पडल्यात अक्षता?"

त्यांचंच वाक्य मी त्यांच्या तोंडावर फेकलं आणि ते गप्प झाले, याचा मला त्या दिवशी आनंद झाला होता. हे मी लपवणार नाही. वादात बापाला हरवल्याचा आनंद झाला होता मला.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली त्या आठवड्यात एका सकाळी आम्ही कामाला लागलो. माझी शाळा दुपारची. मी शेजारून हातोडा आणला होता. अंगणात गोणपाटं पसरली. बाबांनी पहिली मूर्ती उचलली, सवयीप्रमाणे मांडीवर घेतली आणि ओल्या फडक्यानं डोळे पुसायला लागले. ऑइल पेंट पाण्यानं कुठला निघतो? त्यांनी जोर लावला. मग आत जाऊन रॉकेलची बाटली आणली, फडक्यावर ओतलं, परत पुसायला लागले. काळा रंग सुटला, पण निघाला नाही, पसरला. दोन्ही गाल काळे झाले आणि त्या काळ्यात बुबुळं तशीच दिसत राहिली. बाबा पुसतच होते.

"बाबा, ते जाणार नाही."

"थांब जरा."

"अहो, एक्केचाळीस आहेत. असं एकेक करत बसलो तर पुढची चतुर्थी येईल. मला साडेअकराला निघायचंय."

मी त्यांच्या मांडीवरून मूर्ती उचलली, गोणपाटावर ठेवली आणि हातोडा घातला.

मला वाटलं होतं, काचेसारखी फुटेल. प्लॅस्टरची मूर्ती तशी फुटत नाही. आतून काथ्या लावलेला असतो. पहिल्या घावाला पोटाला नुसती खोक पडली, दुसऱ्याला हात गेला, तिसऱ्याला मान मोडली पण डोकं काथ्याला लोंबत राहिलं. चौथा घाव घालून ते तोडावं लागलं. दुसऱ्या मूर्तीला तेच, तिसरीलाही तेच. बाबा ओट्यावर बसून बघत होते, फडकं हातात तसंच. सात झाल्या तेव्हा माझा हात भरून आला आणि घड्याळात साडेअकरा वाजून गेले होते. "उरलेलं संध्याकाळी बघू," म्हणून मी आंघोळ करून शाळेत पळालो. त्या दिवशी मी सहावीला कुठला धडा शिकवला ते आठवत नाही, पण मी व्यवस्थित शिकवला असणार. माझं शिकवणं कधी अडलेलं नाही.

संध्याकाळी कारखान्यावर आलो तर अंगणात तुकड्यांचा ढीग, काथ्या ओढून एका बाजूला केलेला, वर गोणपाट टाकलेलं. फळ्या रिकाम्या. शेजारी बांधकाम चालू होतं, तिथल्या एखाद्या गड्याला बाबांनी हाताशी घेतलं असणार असं मी धरून चाललो. चला, माझं काम वाचलं.

"झालं का?" मी विचारलं.

"झालं," बाबा म्हणाले.

रविवारी भाजणी. पत्र्याची मोठी कढई, खाली लाकडं. कितपत तापतं आहे ते मोजायला मी शाळेच्या प्रयोगशाळेतला थर्मामीटर आणला होता, तो एकशे दहाच्या पुढे जात नव्हता. म्हटलं, अंदाजानं करू. कुटलेलं प्लॅस्टर तापलं तसं उकळत्या पिठल्यासारखं बुदबुदायला लागलं, वाफ निघाली. मी बाबांना म्हटलं, "बघा, पाणी चाललं." त्या वाफेत रंगाचा धूर मिसळला होता. ऑइल पेंट जळल्याचा वास नाकातून घशात उतरत होता. शेजारच्या बायकांनी खिडक्या लावून घेतल्या. कढईत मधूनच एखादा तुकडा वर यायचा, त्याला सोन्याचा रंग, किंवा बोटाचा आकार. बाबा उलथनं घेऊन ढवळत होते. मी सांगेन तितकं ढवळत होते.

संध्याकाळपर्यंत दहा-बारा घमेली करडी भुकटी निघाली. मी त्यातली थोडी पाण्यात कालवली, साच्यात ओतली आणि वाट बघितली. प्लॅस्टर अर्ध्या तासात घट्ट होतं. तासाभरानं बघितलं, ओलंच. साच्यावर हात ठेवला, थंडगार. दुसऱ्या दिवशी सकाळी भुकटी खाली बसली होती आणि वर स्वच्छ पाणी तरंगत होतं.

भाजणी जास्त झाली होती. ठरावीक तापमानापर्यंत थोडं पाणी जातं आणि भुकटी कामाची राहते. त्याच्या पुढे गेलात तर उरलंसुरलं पाणीही जातं, आणि मग ती भुकटी पाणी धरायला तयार होत नाही. हेही पुस्तकात आहे. हेही मला माहीत होतं. परीक्षेत मी ते चार ओळींत लिहिलं असतं. लाकडाच्या जाळावर ते मला सांभाळता आलं नाही, एवढंच.

बाबांनी साच्यात बोट घातलं, वर काढलं, पंच्याला पुसलं. "मेलं हे," म्हणाले. आवाजात राग नव्हता. एखाद्या रोपाबद्दल सांगावं तसं सांगितलं.

त्यानंतर त्यांनी मूर्ती केली नाही. फेब्रुवारीत पोती मागवायची वेळ आली, मागवली नाहीत. मी म्हटलं, "परत शाडू आणू." ते म्हणाले, "बघू." जुनी गिऱ्हाइकं विचारायला यायची, त्यांना सांगायचे, "आमी बंद केलं." का, असं कोणी विचारलं तर कमरेकडे बोट दाखवायचे. ती मेलेली भुकटी मी पोत्यांत भरून कचऱ्याच्या गाडीत टाकली, दोन-दोन घमेली करून, कारण गाडीवाला एकदम घेत नव्हता. चार वर्षांनी ती जागा बिल्डरला गेली. आता तिथे सात मजली इमारत आहे आणि तळमजल्यावर मोबाईलचं दुकान.

बाबा आमच्याकडे नवीन पनवेलच्या फ्लॅटवर राहायला आले. तेव्हापासून आम्ही दोघं एकमेकांशी बोलतो ते गोळ्या, पाणी येण्याची वेळ आणि पंखा किती नंबरवर ठेवायचा एवढ्याच विषयांवर. मी हे असं समजत आलो की ते मला शिक्षा करत आहेत. शब्दानं बोलायचं नाही, पण काम कायमचं सोडून द्यायचं, म्हणजे मुलाला दर चतुर्थीला दिसलं पाहिजे की त्यानं काय केलं. आमच्या घरी आता पेठेतून शाडूचा गणपती येतो. बाबा आरतीला उभे राहतात, टाळ्या वाजवतात, नमस्कार करताना डोळे मिटून घेतात. मूर्तीकडे बघत नाहीत. मला ते नाटक वाटायचं. मीही मग हट्टानं गप्प राहिलो. त्यांनी तोंड उघडून चार शिव्या घातल्या असत्या तर मी पाया पडलो असतो. पण आरोपच करायचा नाही, माफी मागायची जागाच ठेवायची नाही, याला काय म्हणायचं? बारा वर्षं मी त्यांच्यावर चिडून होतो. गुन्हा माझा, आणि चिडलेलो मी.

या जुलैमध्ये आमच्या मुख्याध्यापिका बाईंनी सातवीसाठी शाडूच्या मूर्तींची कार्यशाळा ठरवली. मला बोलावून म्हणाल्या, "सर, तुमचे वडील येतील का? एक तासभर. मुलांना खऱ्या कारागिराचा हात बघायला मिळेल." मी हो म्हणून आलो. खरं म्हणजे मला त्यात माझी सुटका दिसली. बाबांनी एकदा मातीला हात लावला की झालं, शिक्षा संपली.

रविवारची सकाळ होती. बाबा गॅलरीत खुर्चीवर बसले होते, बायकोनं नुकताच चहा दिला होता. एक्याऐंशी वर्षांचे आहेत, कान शाबूत, हात शाबूत, कपाची बशी अजून हलत नाही. मी त्यांना सगळं सांगितलं.

"आमी नाय करत आता," ते म्हणाले.

"करायचं असं काही नाही. एक छोटीशी मूर्ती मुलांसमोर. माती आम्ही मळून ठेवू."

"नाय."

"शाळा आहे बाबा, दुकान नाही."

"नाय म्हटलं ना."

माझा तोल गेला. "अजून किती वर्षं? अजून किती वर्षं मला शिक्षा करणार आहात? चुकलं माझं. हौदातली माती दिली ते चुकलं, प्लॅस्टर आणलं ते चुकलं, तुमच्या मांडीवरची मूर्ती ओढून फोडली ते चुकलं. एकदाच काय ते बोला मला आणि हे बंद करा!" माझा आवाज इतका चढला की बायको स्वयंपाकघरातून धावत येऊन दारात उभी राहिली.

बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नाटक नव्हतं. त्यांना खरोखर काही कळत नव्हतं.

"शिक्षा? तुला? कशाची?"

"मूर्ती फोडल्याची."

"तू सातच फोडल्यास," ते म्हणाले. बारा वर्षांनंतर त्यांना आकडा पाठ होता.

"आणि बाकीच्या त्या गड्यानं. पण सांगितलं मीच होतं ना."

"कोण गडी?"

मी सांगायला लागलो, शेजारचं बांधकाम, तिथला कोणीतरी, आणि सांगता सांगता थांबलो. त्या दिवशी असा कुठलाही माणूस मी बघितलेला नव्हता. बाबांनीही कधी कुणाचं नाव घेतलं नव्हतं. मला सोयीचं होतं म्हणून मी तो गडी उभा केला होता.

बाबांनी कप खाली ठेवला. "तू गेलास शाळेत. मी म्हटलं, पोरगा संध्याकाळी दमून येणार आणि परत हेच करत बसणार. त्याच्या हातनं कशाला? घडवल्या मी, तर फोडायच्या पण मीच. म्हणून घेतला हातोडा." ते सावकाश, एकेक आठवून बोलत होते. "पहिल्या दोन-तीनला घाव वाकडा बसला. तोवर डोळे पुसत होतो. मग पुसायचं सोडलं. मग कळायला लागलं, इथं," त्यांनी स्वतःच्या मानेमागे बोट टेकवलं, "इथं एक घाव घातला की सरळ दोन तुकडे होतात. तुझ्यासारखे चार नाय लागत. शेवटच्या दहा-बारा तर मी भराभर फोडल्या."

बायको दारातून हलली नाही. मी काही म्हणायला गेलो, तर बाबांनी हात वर करून मला थांबवलं. तो हात त्यांनी तसाच समोर धरला आणि उलटसुलट करून बघितला.

"शेवटी शेवटी मला बरं वाटत होतं रे, घाव नीट बसतोय म्हणून. आता ह्या हातानं मी तुझ्या पोरांना काय शिकवू?"